खारावलेला कॅमेरा

किसनराव भोयरांचा कॅमेरा समुद्रात बुडाला, ही बातमी स्वतः किसनराव यवतमाळला पोचायच्या आधीच लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत पोचली होती, आणि पोचता पोचता तिच्यात बरीच भर पडली होती. काहींच्या मते कॅमेऱ्यासोबत किसनरावही बुडाले होते. ट्रिपची बस सकाळी कॉलनीच्या फाटकाशी थांबली आणि किसनराव आपल्या पायांनी खाली उतरले, तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या दोघातिघांच्या तोंडावर थोडी निराशा पसरली, असं निदान किसनरावांना वाटलं. हल्ली त्यांना असं बरंच काही वाटत असे.

झालं होतं ते असं. ज्येष्ठ नागरिक संघाची ट्रिप कोकणात गेली होती. संघाचे अध्यक्ष पंजाबराव गावंडे, कृषी खात्यातून निवृत्त. त्यांनी यादी केली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण बस सुटल्यावर किसनरावांच्या लक्षात आलं की सगळी जोडपी आहेत आणि एकटे फक्त आपण. त्यांची बायको कांताबाई दोन वर्षांपूर्वी गेली. बसमध्ये दोन-दोनच्या सीटा. किसनरावांच्या बाजूच्या सीटवर सगळ्यांनी मिळून चिवड्याचे डबे, पाण्याचा कॅन आणि कोणाची तरी कमरेला लावायची उशी आणून ठेवली. "तुमच्याजवळ जागा हाय न," असं प्रत्येक जण म्हणे, आणि ते खरंच होतं.

त्यांची लाज राखली ती कॅमेऱ्याने. त्यांच्या मुलीने, अर्पिताने, आई गेल्यावर बंगळूरहून तो आणून दिला होता. "बाबा, काहीतरी करत राहा," म्हणाली होती. किसनरावांनी वर्षभर लोहाऱ्याच्या तळ्यावरच्या बगळ्यांवर हात बसवला. बगळ्यांची तक्रार नव्हती. कोकणात मात्र त्यांना एकदम भाव आला. "भोयर साहेब, आमचा एक काढा न," म्हणत जोडपी त्यांच्यासमोर रांग लावू लागली. नारळाखाली, देवळापुढे, होडीत, होडीबाहेर. किसनराव एक डोळा मिटून सगळ्यांना हुकूम सोडत होते. हातात कॅमेरा असलेल्या माणसाला तुम्ही एकटेच कसे, असं कोणी विचारत नाही. तो कामात असतो.

शेवटच्या संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर सगळ्या संघाचा एकत्र फोटो ठरला. संघ चौकटीत मावेना. पंजाबराव म्हणाले, बॅनर पूर्ण येऊ द्या. त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या, पाय येऊ देऊ नका, चपला चांगल्या नाहीत. या दोन्ही अटी पाळायच्या म्हणून किसनराव मागे सरकले, मग आणखी मागे सरकले. त्यांची पाठ समुद्राकडे होती. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, म्हणजे पाण्याशी त्यांचा संबंध जुना होता. पण त्या खात्यातलं पाणी वरून मंजुरी आल्याशिवाय पुढे सरकत नसे. हे पाणी विनापरवाना आलं. समोरच्या सगळ्यांना लाट येताना दिसत होती. पण मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, असं किसनरावांनीच बजावलं होतं. म्हणून कोणी हललं नाही. सगळे दात दाखवून उभे राहिले.

लाट गुडघ्यांत लागली आणि किसनराव खाली बसले. समुद्रात माणूस बसला की पाणी कुठपर्यंत येतं, याचा अंदाज यवतमाळच्या माणसाला नसतो. ते गळ्यापर्यंत आलं. कॅमेरा गळ्यातच होता. बसच्या ड्रायव्हरने त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. पंजाबराव धावत आले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "फोटो निघाला काय?"

परतीच्या सगळ्या वाटेवर कॅमेरा चिवड्याच्या डब्यांशेजारी टॉवेलात गुंडाळून पडला होता. त्याला वास येत होता. बसमधले लोक मधूनमधून वळून त्याच्याकडे बघत, आजारी माणसाकडे बघावं तसे.

पहिल्याच संध्याकाळी लोक किसनरावांच्या व्हरांड्यात जमले. कांताबाईंच्या तेरवीनंतर एवढी माणसं तिथे प्रथमच बसली. खुर्च्या दोनच होत्या, त्यातल्या एकीवर जुन्या पेपरांचा गठ्ठा. किसनरावांनी गठ्ठा उचलून आत नेला, बाजेवरची गादी झटकली, स्टूल आणलं, धान्याची टाकीसुद्धा आडवी करून बसायला दिली. चहाला दूध पुरलं नाही तेव्हा त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि त्याच वेळी, का कोण जाणे, बरंही वाटलं. दूध पुरत नाही अशी वेळ त्या घरावर फार दिवसांत आली नव्हती.

सगळ्यात आधी आला आणि सगळ्यात शेवटी गेला तो शेजारचा धावजी राठोड. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो ट्रिपला गेला नव्हता, पण हळहळ त्यालाच सर्वांत जास्त होती.

"तांदयात ठेवा भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "पन जुना तांदूळ पायजे. नवा सोताच ओला असते."

"तांदूळ मोबाइलले चालते," धावजी म्हणाला. "कॅमेऱ्याले तुरीची दाय. दाय पानी जास्त पेते."

"अंदाजानं काही करू नका," पंजाबराव म्हणाले. "पयले ओलावा किती हाय थे मोजू. मंग ठरवू."

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी घाटंजीच्या बाजारातल्या आपल्या अडत्या पुतण्याकडून सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. त्या यंत्राच्या वाटीत मूठभर दाणे टाकायचे असतात. कॅमेरा वाटीत जाईना. बराच खल होऊन कॅमेऱ्याचा पट्टा कापून त्याचे तुकडे वाटीत भरायचं ठरलं. किसनराव मनातून कळवळले, पण एवढी माणसं त्यांच्यासाठी वाकून बसली होती की नाही म्हणवेना. यंत्राने आकडा दाखवला. पंजाबरावांनी चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे सांगितलं, "असा माल कोनताच व्यापारी घेनार नाही."

कॅमेरा डब्यात गेला. अर्धे तांदूळ, अर्धी डाळ, कोणाचं मन दुखावायला नको म्हणून. रोज संध्याकाळी मंडळी येत, डबा उघडला जाई, कॅमेरा बाहेर काढून प्रत्येकाच्या कानाशी नेऊन हलवला जाई आणि पाण्याचा आवाज येतो की येत नाही यावर दोन पक्ष पडत. किसनरावांनी दूधवाल्याला जास्तीचं दूध लावलं. बिस्किटांचा मोठा पुडा आणला. दुपार कलू लागली की ते व्हरांडा झाडून खुर्च्या मांडत आणि मांडल्या नाहीत असं वाटावं म्हणून त्या थोड्या वाकड्या करून ठेवत.

आठवडाभराने त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला तर आत एक जनावर चालत होतं. केवढं तरी मोठं, सोंडेचं, शांतपणे डावीकडून उजवीकडे जाणारं. किसनरावांनी कॅमेरा झटकन खाली घेतला. नंतर कळलं की तो तांदळातला सोंडकिडा होता. तो व्ह्यूफाइंडरमध्ये कसा शिरला ते कोणालाच सांगता येईना, आणि तो बाहेर यायलाही राजी नव्हता. धावजीने त्याला हुसकायला तिथे फुंकर मारली, त्यामुळे तो आणखी आत गेला.

"ऊन द्या," असा मग सर्वानुमते निर्णय झाला. एप्रिल लागला होता. यवतमाळच्या एप्रिलात ऊन द्या म्हणणं सोपं आहे. ऊन घेणारा टिकला पाहिजे. गच्चीवर इंदूबाईंच्या कुरड्यांशेजारी चादर टाकून कॅमेरा ठेवला. चार वाजता किसनराव वर गेले तेव्हा कुरड्या उत्तम वाळल्या होत्या. कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर वितळून निघालं होतं आणि चादरीला चिकटलं होतं. भिंगाची कडी फिरवली तर आतून खडीवरून बैलगाडी जावी तसा आवाज आला. सांधीसांधीतून पांढरी भुकटी बाहेर आली होती. किसनरावांनी बोटाने ती जिभेला लावली. खारट होती. तिथेच गच्चीवर त्यांना एकदम समुद्र आठवला, आणि त्यात गळ्यापर्यंत बसलेले आपण, आणि समोर दात दाखवत उभी असलेली ती सगळी जोडपी.

रविवारी अर्पिताचा फोन आला. "बाबा, ट्रिपचे फोटो पाठवा ना." किसनराव म्हणाले, नेट स्लो आहे. पुढच्या रविवारी ते म्हणाले, निवडतो आहे. ती म्हणाली, "सावकाश निवडा," आणि तिला मीटिंग होती.

कॅमेऱ्याचा विमा होता, ही आठवण पंजाबरावांनी करून दिली. अर्ज मोबाइलवर भरायचा होता. नुकसानीचं कारण या रकान्यात अतिवृष्टी, पूर, गारपीट, वीज आणि भूकंप होते. समुद्र नव्हता. किसनरावांनी सरकारी नोकरीतल्या अनुभवाला स्मरून सर्वांत जवळचं कारण निवडलं, पूर. दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. "सर, यवतमाळ जिल्ह्यात त्या तारखेला पूर दिसत नाही. कोणत्या नदीचा होता?" किसनरावांनी खरं ते सांगितलं. तिने ते कुठेतरी टाइप केलं. मग म्हणाली की समुद्र असेल तर पोलिसांचा दाखला लागेल.

चौकीतले जमादार हिरासिंग भले गृहस्थ होते. त्यांनी किसनरावांना पंख्याखाली बसवलं आणि पेन उघडला.

"काय चोरीले गेलं?"

"चोरी नाही. कॅमेरा खराब केला."

"कोनं?"

"समुद्रानं."

"पूर्ण नाव सांगा."

"माणूस नाही हो. समुद्र. खाऱ्या पाण्याचा."

हिरासिंगनी पेन बंद केला. "साहेब, आपल्या हद्दीत समुद्र कुठी हाय? आपल्या हद्दीत एक नाला हाय, थो बी सध्या कोरडा हाय."

"पण कॅमेरा आपल्या हद्दीत राहतो ना," किसनराव म्हणाले.

"राह्यते इथं, पन बिघडला तिथं. तुमी मले सांगा, मी पंचनामा कायचा करू? पंच घेऊन जाऊ कुठी?" मग त्यांनी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत किसनरावांकडे जरा निरखून पाहिलं. "तुमी एवढ्या उन्हात एकटेच काहून आले? घरी कोनी नाही काय?"

"आहेत ना," किसनराव म्हणाले. "पुष्कळ लोक आहेत. रोज संध्याकाळी येतात."

आणि हे खोटं नव्हतं, म्हणून चौकीच्या पायऱ्या उतरताना त्यांची मान ताठ होती.

दाखल्याचं घोडं तिथेच अडलं. मग कॅमेरा नागपूरच्या दुरुस्ती केंद्रात पाठवायचं ठरलं, तर कुरिअरवाल्याने आत बॅटरी आहे म्हणून नाकारला. बॅटरी काढतो म्हटलं, तर तिची खाच मिठाने अशी धरली होती की ती निघेना. शेवटी किसनराव स्वतःच एस.टी.ने अर्ध्या तिकिटावर नागपूरला गेले. कॅमेरा मांडीवर स्टीलच्या डब्यात होता. बाजूच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय आहे. किसनरावांनी सांगायला सुरुवात केली आणि कळंब येईपर्यंत ते सांगत होते. बाई उतरल्या तेव्हा त्यांना आठवलं की आपण त्यांचं नावही विचारलं नाही.

केंद्रातल्या मुलाने हातमोजे घालून कॅमेरा हातात घेतला, उलटा केला. टेबलावर तांदळाचे चार दाणे, तुरीच्या डाळीची एक पाकळी आणि सोंडकिडा पडला. किडा जिवंत होता. मुलाने वर पाहिलं.

"अंकल, इसमें और क्या क्या है?"

किसनरावांनी दाणे गोळा करून डब्यात टाकले. मुलाने सांगितलं की आतला सगळा भाग मिठाने खाल्ला आहे, दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या. हे त्याने मऊ आवाजात सांगितलं, आणि किसनरावांना ते दोन वर्षांपूर्वी नागपूरच्याच एका दवाखान्यात ऐकलेल्या आवाजासारखं वाटलं. त्यांनी डबा बंद केला आणि मुलाचे आभार मानले. त्या वेळीही त्यांनी आभारच मानले होते.

परत आल्यावर स्टॉपवरच पियुषचं मोबाइलचं दुकान लागलं. पियुष म्हणाला, "काका, कार्ड तं काढून द्या. कॅमेरा मेला म्हनून फोटो थोडेच मरते." त्याने चिमट्याने कार्ड ओढलं, पुसलं, कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर एकाखाली एक चौकटी उगवू लागल्या. नारळ, देऊळ, होडी. सगळे फोटो शाबूत होते.

"झालं की मंग," पियुष म्हणाला. "खुश?"

किसनराव खूश झाले. पेन ड्राइव्ह खिशात घालून ते घराकडे चालू लागले तेव्हा तर फारच खूश होते. आता व्हरांड्यात शिरल्याबरोबर काय वाक्य म्हणायचं ते त्यांनी मनात तयार केलं. लांबून व्हरांडा दिसला. माणसं बसली होती. कोणीतरी कूलरमध्ये पाणी भरलं होतं. धावजीने बिस्किटांचा पुडा स्वतःच शोधून काढला होता. किसनराव फाटक उघडून आत आले तशी सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली.

"काय झालं नागपूरले?" पंजाबरावांनी विचारलं.

किसनरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "कॅमेरा गेला," ते म्हणाले.

"आन फोटो?"

आता या जागी किसनरावांनी जे केलं त्याला काय म्हणावं हे ज्याने त्याने ठरवावं. ते म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत."

मग ते घाईघाईने परत स्टॉपवर गेले आणि पियुषला सांगून आले की कोणाला सांगू नको, सरप्राइज आहे.

पुढचे दिवस चांगले गेले. फोटो कार्डात अडकले आहेत ही गोष्ट कॅमेरा बिघडण्याहून जास्त टिकाऊ निघाली. किसनराव रोज नवीन काही सांगत. कार्डावर मिठाचा थर आहे. थर निघाला, पण आता फोटो उलटे दिसतात. नागपूरच्या मुलाला विचारलं आहे, तो सुट्टीवर आहे. कधी त्यांचं सांगणं अडखळलं की धावजी मदतीला येई. "घाई करू नका साहेब. मीठ बेकार चीज हाय. एका झटक्यात काढाले गेलं का कार्डच तुटन." लोक माना हलवत आणि चहा घेत. किसनराव स्वतःला सांगत की उद्या सांगू. मग उद्या येई, चारचा सुमार होई आणि ते खुर्च्या वाकड्या मांडू लागत.

मंडळी गेली की ते आत जाऊन कॉम्प्युटर लावत आणि फोटो बघत बसत. एकूण एक फोटो त्यांना पाठ झाले होते. कोणाच्या हातात कोणाची पर्स होती, कोण कोणाकडे बघत होतं. सगळा संघ होता. किसनराव कुठेच नव्हते. एका फोटोत वाळूवर एक सावली होती, पण ती नारळाची असण्याचाही संभव होता.

एका दुपारी, लोक यायच्या वेळेच्या बरंच आधी, इंदूबाई एकट्याच आल्या. हातात कुरड्यांची पिशवी होती. ती त्यांनी स्टुलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊ, सगळे फोटो नाही निघाले तं नाही निघाले," त्या म्हणाल्या. "माह्यं एक म्हननं होतं. देवळाच्या मागं समुद्र होता न, तिथं तुमी आमचा एक काढला होता. लाट आली तवा मी भेले, तं यायनं माहा हात धरला. तुमाले आठोते काय?"

किसनरावांना आठवत होता. काल संध्याकाळीच त्यांनी तो पाहिला होता. पंजाबरावांनी इंदूबाईंचा हात मनगटाशी घट्ट धरला होता आणि तोंड मात्र अध्यक्षासारखं ठेवलं होतं.

"लग्नाले एवढे वर्सं झाले," इंदूबाई म्हणाल्या, "यायनं चारचौघांत कधी हात धरला नाही. फोटो नसन तं थे मानत बी नाही. म्हनते, मी धरलाच नोता. तेवढा एक भेटला तरी चालन." मग त्या जरा हसल्या. "तुमाले सांगाले हरकत नाही. तुमी तं पाह्यलंच हाय."

त्या गेल्यावर किसनरावांनी कुरड्यांची पिशवी आत नेऊन ठेवली. कांताबाईंचा हात आपण चारचौघांत कधी धरला होता का, हे त्यांनी आठवून पाहिलं. दवाखान्यात धरला होता. त्याचा फोटो काढायला कोणी नव्हतं, आणि ते बरंच झालं.

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "निघाले. सगळे निघाले."

शनिवारी हनुमान मंदिराच्या सभागृहात पडदा लावून फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. पूर्ण संघ हजर होता. पहिल्या फोटोला टाळ्या पडल्या. दुसऱ्यापासून तक्रारी सुरू झाल्या. माझे डोये मिटले. माह्यं पोट एवढं नाही. हा समुद्र वाकडा काहून आला. एका गृहस्थांनी आपला फोटो आल्यावर शांतपणे विचारलं की हे कोण. देवळामागचा फोटो आला तेव्हा इंदूबाईंनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं आणि पंजाबराव पडद्याकडे पाहून खाकरले. शेवटचा फोटो लाटेचा होता. तो निघाला होता. सगळं तिरपं, खाली अर्ध्या चौकटीत फेसाळ पाणी आणि वर दात दाखवत उभा असलेला संघ. त्याला सगळ्यात मोठा हशा झाला. पंजाबरावांनी तो संघाच्या कॅलेंडरवर छापायचा ठराव तिथल्या तिथे मांडला.

आभार त्यांनीच मानले. मंदिराच्या विश्वस्तांचे मानले, पडदा देणाऱ्याचे, चिवडा करणाऱ्या इंदूबाईंचे आणि कार्डातून फोटो काढून दिल्याबद्दल पियुषचे. किसनराव पहिल्या रांगेत थोडं पुढे सरकून बसले होते. मग ते पुन्हा मागे टेकून बसले. लोकांनी पियुषकडून फोटो मोबाइलवर घेतले आणि सगळे आपापल्या घरी गेले.

रविवारी संध्याकाळी किसनरावांनी खुर्च्या मांडल्या. कोणी आलं नाही. सोमवारी त्यांनी त्या सरळ मांडून पाहिल्या. दूधवाला जास्तीचं दूध ठेवून गेला. त्याला सांगायचं राहून गेलं होतं. मंगळवारी त्यांनी दूध फुटू नये म्हणून दोनदा उकळलं. बुधवारी त्यांनी पेपरांचा गठ्ठा परत आणून एका खुर्चीवर ठेवला.

अर्पिताचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. लाट, डाळ, सोंडकिडा, नागपूर. ती खूप हसली. मग तिने विचारलं, "पण तुम्हाला लागलं नाही ना बाबा?" या सगळ्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "नाही नाही, पाणीच होतं." ती म्हणाली, दुसरा कॅमेरा पाठवते. ते म्हणाले, बघू.

फोन ठेवून ते व्हरांड्यात आले तर धावजी फाटक उघडून आत येत होता. त्याने खुर्चीवरचा पेपरांचा गठ्ठा उचलला, खाली ठेवला आणि बसला.

"धावजी, फोटो तर देऊन झाले सगळ्यांना," किसनराव म्हणाले. "पियुषकडे आहेत."

"मालूम हाय."

"कार्डाचं काम संपलं."

"थे तं कवाचंच संपलं होतं," धावजी म्हणाला. "तुमी नागपूरवून आले त्याच दिसी पियुषनं मले सांगतलं. मी म्हनलं, बेटा, आता आनखी कोनाले सांगू नको."

किसनरावांचे कान तापले. पाटबंधारे खात्याच्या सेवानिवृत्त अधीक्षकाने अशा वेळी काय बोलावं याचा काही नियम त्यांना आठवेना. त्या मिठाच्या थराच्या गोष्टी, ते उलटे फोटो. हा माणूस समोर बसून सगळं ऐकत होता आणि वर मान हलवत होता.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कायले बोलू?" धावजी रस्त्याकडे बघत होता. "माही बायको लालीबाई पुन्याले गेली पोराकडं, प्रेमकडं, त्याची पोरगी सांभायाले. दिवाईले येतो म्हनली होती. दोन दिवाया झाल्या. घरी बसून मी टीवीसंग बोलून राह्यलो. इथं चार मानसं तं दिसत होते."

समोरच्या रस्त्याने एमआयडीसीतून सुटलेले लोक सायकली, मोटारसायकलींवर जात होते. किसनराव उठले.

"चहा टाकतो."

ते आत गेले, दूध काढलं, पातेलं चढवलं. साखरेचा डबा हातात घेतला आणि थांबले. इतके दिवस हा माणूस रोज या घरी चहा पीत होता आणि आपण त्याला एकदाही विचारलं नव्हतं. ते डबा घेऊनच दारात आले.

"धावजी, साखर किती टाकू?"

धावजी जरा संकोचला. "टाकू नका. शुगर हाय मले. डॉक्टरनं बंद सांगतली."

"मग इतके दिवस?"

"तुमी भरून आनून देत होते," धावजी म्हणाला. "कसं नाही म्हनू?"

किसनरावांनी साखरेचा डबा जागेवर ठेवून दिला. एका चहात घालायची आणि एका चहात नाही, हे त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी दोन्ही कप बिनसाखरेचे केले, बाहेर आणले आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. चहा अगदीच बेचव झाला होता. दोघांनी तो हळूहळू, शेवटपर्यंत घेतला.